ग्रीन टी घेते, तरी झोप का नाही?

"मॅडम, दुधाचा चहा सोडला, साखर सोडली, ग्रीन टीवर आले. तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी!" पन्नाशीला आलेल्या एका शिक्षिकेचं हे गाऱ्हाणं. आहार-समुपदेशनात ते अधूनमधून कानावर येतंच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. आत तीन पुड्या सकाळपासून तशाच बुडालेल्या, रंग काढ्यासारखा. "कडूजहर लागतो, पण कॅफीन नसतं ना?"

असतं. काळा, हिरवा, पांढरा, उलाँग हे सगळे एकाच झाडाच्या पानांचे. हिरव्या चहाची पानं खुडल्यावर लगेच तापवतात, म्हणून त्यातली कॅटेचिन्स, म्हणजे पेशींना होणारी इजा रोखणारी अँटिऑक्सिडंट द्रव्यं, टिकतात. काळ्या चहात त्यांचीच थिआफ्लेविन्स आणि थिआरुबिजिन्स होतात, तीही अँटिऑक्सिडंटच. तेव्हा साध्या चहात काहीच गुण नाही, हे खरं नव्हे. साधारण 240 मिलीच्या कपात काळ्या चहात 40-50 मिलिग्रॅम कॅफीन, हिरव्यात 30च्या आसपास. पण पुडी जितकी जास्त वेळ बुडेल तितकं जास्त उतरतं. आणि यांचा शेवटचा कप रात्री दहाला, "पचनासाठी"! घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाचेक तासांनीही अंगात असतं.

मला खरी काळजी वाटली ती वेगळीच. हिमोग्लोबिन 10, डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलेली, आणि ती गोळी ताई ग्रीन टीबरोबर गिळत होत्या. चहातल्या ज्या पॉलिफेनॉल्सचं (कॅटेचिन्स वगैरे याच गटातली) एवढं कौतुक, तीच लोहाला धरून ठेवतात आणि ते नीट शोषलं जात नाही.

गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तासांनी. पुडी तीन मिनिटांत बाहेर. दुपारनंतर चहा बंद. रात्री काही गरम हवंच असेल तर नुसत्या गवती चहाच्या पातीचा काढा, त्यात कॅफीन नसतं.

"मग सकाळचा आल्याचा चहा चालेल?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. एक कप, बेताच्या साखरेचा, खुशाल घ्या म्हटलं. वजन ग्रीन टीनं फारसं उतरत नाहीच; खोक्यावरची सडपातळ बाई ही छपाईची करामत.

पुढच्या भेटीत झोप बरीच सुधारली होती. उठता उठता म्हणाल्या, "यजमानांनी ग्रीन टीच्या कॅप्सूल मागवल्यात." त्या मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका म्हणून सांगितलं. अर्काच्या गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य कॅटेचिन) पोटात गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्येच दिला आहे.