वाचकांचे प्रश्न : म्यूरफिल्डला खेळायला जाताना

प्रश्न : आम्ही चौघे पुण्यातले क्लब-गोल्फर. पुढच्या जूनमध्ये स्कॉटलंडला जाणार आहोत. म्यूरफिल्ड खासगी क्लब असूनही पाहुण्यांना खेळू देतो म्हणतात. तयारी कुठून सुरू करावी?

उत्तर : विमानाच्या तिकिटांपासून मात्र करू नका. बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. पाहुण्यांचे दिवस आठवड्यातून दोनच, मंगळवार आणि गुरुवार. जूनच्या तारखा फार लवकर भरतात, म्हणून आधी क्लबकडून तारीख घ्या, मग तिकिटं काढा. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे धरा.

क्लबला लिहिताना चौघांची नावं, घरचा क्लब आणि प्रत्येकाचा हँडिकॅप इंडेक्स (खेळाच्या दर्जाचा अधिकृत आकडा; जितका कमी, तितका खेळ चांगला) द्या. हँडिकॅपची मर्यादा असते, ती बुकिंगच्या वेळीच विचारा. घरच्या क्लबकडून ताजं प्रमाणपत्र घेऊन सोबत ठेवा. 'अंदाजे अठरा' हे उत्तर तिथे चालत नाही.

दिवसाचा साचा ठरलेला आहे : सकाळी आपापल्या चेंडूने एक फेरी (अठरा होल), मग जेवण, दुपारी फोरसम. आपल्याकडे चौघे एकत्र खेळले की त्यालाच फोरसम म्हणतात. तिथे मात्र त्याचा अर्थ दोघांत मिळून एकच चेंडू, आळीपाळीने फटके. एकाने विषम क्रमांकाच्या होलवर टी-शॉट (होलचा पहिला फटका) मारायचा, दुसऱ्याने सम. जोड्या पुण्यातच ठरवून दोन-तीनदा खेळून पाहा. जोडीदाराने रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) घातलेला चेंडू हसतमुखाने बाहेर काढणं सवयीनेच जमतं. जेवणाला कोट-टाय लागतो, तोही बॅगेत हवा.

दोन फेऱ्या म्हणजे वीस किलोमीटरच्या आसपास चाल. नवे बूट नेऊ नका. एडिंबरोच्या वेव्हर्ली स्टेशनवरून नॉर्थ बेरिकच्या गाडीने ड्रेमला उतरा, प्रवास अर्ध्या तासाचा. म्यूरफिल्ड ज्या गावात आहे ते गलन पुढे तीनेक मैलांवर. टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, स्टेशन अगदी छोटं आहे.

प्रश्न : समुद्राच्या वाऱ्यात काय बदलावं?

उत्तर : पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाहेरून फिरतात, पुढचे नऊ त्यांच्या आत उलट दिशेने. त्यामुळे वाऱ्याची दिशा सतत बदलते. मागच्या होलवर जमलेला अंदाज पुढच्यावर धरू नका. समोरून वारा असेल तर नऊ नंबरच्या काठीच्या जागी सात नंबरची (चेंडू खालून, लांब नेणारी) घ्या, चेंडू उजव्या पायाकडे सरकवा, स्विंग पाऊणच ठेवा. जोर लावला की चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, तो वर चढतो आणि वारा त्याला तिथेच थांबवतो. जमीन कडक असते, म्हणून ग्रीनच्या (झेंड्याभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) पंधरा-वीस यार्ड अलीकडे टाकून घरंगळू द्या.

बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) भिंती हिरवळीच्या थरांच्या, उभ्या. चेंडू भिंतीला चिकटला असेल तर झेंड्याकडे बघूच नका, आडवा किंवा मागे काढा. तेही शक्य नसेल तर चेंडू 'अनप्लेएबल' (खेळता न येण्याजोगा) जाहीर करा : एका दंडाच्या फटक्यात बंकरमध्येच ड्रॉप (हातातून चेंडू खाली सोडणं), दोन दंडात बंकरबाहेर मागे, झेंडा आणि चेंडू यांच्या रेषेत. उंच गवतात चेंडू गेल्याची शंका येताच प्रोव्हिजनल (पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा चेंडू) मारा. शोधायला फक्त तीन मिनिटं मिळतात. छत्री वाऱ्यात उलटते, त्यापेक्षा पावसाळी पँट-जाकीट आणि जादा हातमोजे न्या.

प्रश्न : माझी पत्नीही खेळते. तिथे स्त्रियांना मज्जाव आहे ना?

उत्तर : नाही. मज्जाव सदस्यत्वाला होता, तोही 2017च्या मतदानाने उठला. स्त्रियांची मोठी स्पर्धा, 2022ची विमेन्स ओपन, याच मैदानावर झाली. पत्नीचाही हँडिकॅप क्लबच्या त्याच अर्जात लिहा.