काटे नसलेले निवडुंग आणि त्यांची नावं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टांगलेल्या कुंडीत हिरव्या, सुतळीसारख्या गोल फांद्यांचा झुपका आहे. लांबी दीड फूट, जाडी पेन्सिलीपेक्षा कमी. पानं नाहीत, काटे नाहीत. ज्यांनी दिलं त्यांना ‘ऱ्हिप्सालिस’ एवढंच ठाऊक होतं. गेल्या महिन्यात बारीक पांढरी फुलं येऊन गेली, आता मण्यांसारखी पांढरी फळं धरली आहेत. ही नक्की कोणती जात?

उत्तर : फळं धरली आहेत म्हणून उत्तर देता येतंय. नुसत्या फांद्यांवरून ऱ्हिप्सालिसची जात सांगणं म्हणजे अंदाजपंचे कारभार. या प्रजातीत (म्हणजे जीनसमध्ये) पस्तीस-चाळीस जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच गोल फांद्यांच्या, आणि कुंडीतल्या उजेडाप्रमाणे प्रत्येकीची चण बदलते.

फळ-फूल नसेल त्यांनी आधी शेर नाही ना, हे पाहावं. शेराच्या कोवळ्या फांद्याही अशाच गोल, बिनकाट्याच्या असतात. टोकाचा अर्धा सेंटीमीटर तुकडा खुडा. दुधासारखा पांढरा चीक आला तर ते युफोर्बियाच्या कुळातलं झाड. ऱ्हिप्सालिसमधून पाण्यासारखा रस येतो. शेराचा चीक डोळ्यांना फार वाईट, तेव्हा हात लगेच धुवा. मराठीत आपण फड्या निवडुंगालाही निवडुंग म्हणतो आणि त्रिधारी निवडुंगालाही. यातला पहिलाच खरा निवडुंग, दुसरा शेराचा भाऊबंद. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

खऱ्या निवडुंगाची खूण काटा नव्हे. काटा, फूल, नवी फांदी हे सगळं ज्या बारीक गादीतून फुटतं ती गादी म्हणजे अ‍ॅरिओल, आणि ती असली की झाड निवडुंगाच्या कुळातलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि फांदी तिरप्या उजेडात धरा. दर एक-दोन सेंटीमीटरवर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका दिसेल. त्याखाली तपकिरी खवल्यासारखं इवलंसं पान, वर जेमतेम चार पांढरे तंतू. हे दिसलं की पुढची चार मापं घ्या.

पहिलं, फांदीची जाडी. व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या कॅलिपरने) मोजा, तो नसेल तर फांदीभोवती दोरा एकदा गुंडाळून त्याची लांबी ३.१४ ने भागा. दुसरं, फांद्या कुठून फुटतात. ऱ्हिप्सालिसची नवी फांदी बहुधा जुन्या फांदीच्या टोकातून येते, जोडीने नाहीतर घोसाने. मधूनच किंवा बुडाजवळून येत असतील तर लेपिस्मियम या जवळच्या प्रजातीचा संशय घ्या. तिसरं, फूल बाजूला येतं की टोकाला. चौथं, फळ गुळगुळीत आहे की केसाळ, आणि ते गळल्यावर मागे काय राहतं.

फांद्या ३ ते ६ मि.मी. जाड, फुलं फांदीच्या बाजूने, उमलल्यावर सेंटीमीटरच्या आतबाहेर, फळं ५ ते ८ मि.मी., पांढरी आणि अर्धपारदर्शक : असं सगळं जुळलं तर तुमच्याकडे ऱ्हिप्सालिस बॅसिफेरा आहे. सर्वांत जवळचा तोतया ऱ्हिप्सालिस टेरेस. त्यात लांब मुख्य फांदीच्या टोकाला सहसा बऱ्याच आखूड फांद्यांचा घोस असतो. बॅसिफेरात लांब फांदीतून पुन्हा लांबच फांदी येऊन झुपका खाली लोंबत जातो. फळ गळल्यावर त्या जागी लोकर भरलेला खळगा राहिला तर दोन्ही नावं खोडा आणि ऱ्हिप्सालिस फ्लोकोसाकडे वळा. तिची कळी फांदीच्या सालीखाली बुडालेली असते आणि साल फोडून बाहेर येते. फुलं टोकाला, फळं नारिंगी असतील तर कॅम्पोस-पोर्टोआना. फांदीवर आणि फळावरही राठ केस असतील तर पिलोकार्पा.

एक सावधगिरी. हे सगळं पाहायचं ते चांगल्या उजेडात वाढलेल्या, वर्षभर तरी जुन्या फांदीवर. अंधाऱ्या कोपऱ्यात फांदी लांबट आणि बारीक होते, तिचं माप फसवं. बॅसिफेरा मुळात कुठून आली हेही कुंडीतल्या रोपासाठी उपयोगाचं नाही, कारण नैसर्गिकरीत्या अमेरिकेबाहेर सापडणारा हा एकमेव निवडुंग आहे. मध्य व दक्षिण अमेरिकेखेरीज तो उष्ण कटिबंधातल्या आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि श्रीलंकेतही झाडांवर वाढतो. मादागास्करकडच्या एका उपजातीच्या मोठ्या फांद्यांवरही केस असतात, म्हणून केवळ केसांवरून ‘बॅसिफेरा नाही’ असं ठरवू नका.

प्रश्न : हे निवडुंग झाडावर वाढतात म्हणजे बांडगूळच ना? मोठ्या झाडाच्या बेचक्यात लावले तर झाड मरेल का?

उत्तर : नाही. बांडगूळ यजमान झाडात मूळ घुसवून रस ओढतं. हे निवडुंग अपिवनस्पती आहेत, म्हणजे झाड त्यांना फक्त बसायला लागतं. पाणी पावसाचं, खत सालीच्या फटीत कुजलेल्या पाल्याचं. साम्य आहे ते फळात. दोघांचंही बी चिकट गरात असतं आणि ते पक्षी नेतात.

प्रश्न : माशाच्या काट्यासारख्या नागमोडी, चपट्या ‘पानांचं’ रोप ‘अँगुलिगर’ म्हणून घेतलं. चार वर्षांत फूल नाही. नाव बरोबर आहे का?

उत्तर : शंका रास्त आहे. या नावाखाली दोन वेगळी झाडं सर्रास विकली जातात, दोन्ही दक्षिण मेक्सिकोची. एक डिसोकॅक्टस अँगुलिगर, ज्याला जुनी पुस्तकं एपिफायलम म्हणतात. दुसरं सेलेनिसेरियस अँथोनियानस. तुम्ही ज्याला पान म्हणता ती दोन्हींत फांदीच आहे. पट्टी घ्या आणि फांदीच्या कडेचा एक दाता मोजा : मधल्या शिरेकडून टोकापर्यंत लांबी, आणि मध्यावर रुंदी. अँगुलिगरचा दाता त्रिकोणी, लांबी-रुंदी साधारण सारखी. अँथोनियानसचा दाता पट्टीसारखा, टोकाला गोलसर, लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक (अडीच ते साडेचार सें.मी. लांब, एक ते दीड सें.मी. रुंद), आणि खाच जवळजवळ मधल्या शिरेपर्यंत गेलेली. शिवाय हे झाड चढणारं आहे. फांदीच्या पाठीवर मुळं सुटून ती भिंतीला चिकटू पाहत असतील तर पारडं अँथोनियानसकडे झुकतं.

दाता सरासरीने ठरवा. मधल्या वयाच्या तीन फांद्यांवरचे दहा दाते मोजा. टोकाचे आणि बुडाचे सोडा, कारण बुडाशी फांदी देठासारखी गोल असते.

शेवटचा शब्द फुलाचा. दोन्ही रात्री उमलतात. अँगुलिगरचं फूल पांढरं, बाहेरच्या पाकळ्या पिवळसर, नळी लांब, सडपातळ, जवळपास गुळगुळीत. अँथोनियानसच्या बाहेरच्या पाकळ्या लालसर-जांभळ्या, आतल्या सायीच्या रंगाच्या, नळी आखूड आणि बुडाशी बारीक काटे. अँथोनियानस कुंडीत फुलायला फार आढेवेढे घेतं, आणि तुमची चार वर्षं पाहता आमचा कल तिकडेच आहे. फांद्या छाटत राहिलात तर आणखी थांबाल. झाडाला चढायला जाड फळी द्या आणि सकाळचं दोन-तीन तास ऊन द्या. दुपारचं नको, फांद्या पिवळ्या पडतात.

जाता जाता : आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते एपिफायलम ऑक्सिपेटलमही याच गोतावळ्यातलं. हिमालयातलं ब्रह्मकमळ मात्र सूर्यफुलाच्या कुळातलं, त्याचा निवडुंगाशी काही संबंध नाही. ऑक्सिपेटलमच्या कडा फक्त लाटेसारख्या असतात, दाते नसतात. त्याच्या बुडातून येणारी काठीसारखी गोल, दोन मीटरही लांब जाणारी फांदी म्हणजे रोग किंवा वेगळी जात नव्हे. चपट्या फांद्या तिच्यावरच येतात, म्हणून ती कापू नका.

प्रश्न : साखळीसारख्या चपट्या कांड्यांचा, गुलाबी फुलांचा निवडुंग डिसेंबरऐवजी नोव्हेंबरातच फुलतो. खराब हवामानामुळे?

उत्तर : हवामानामुळे नाही, बहुधा जातच वेगळी. कांड्याच्या कडा पाहा. टोकदार, खेकड्याच्या नांगीसारखे दाते असतील तर श्लुम्बर्गेरा ट्रंकाटा. ती आधी फुलते, फूल आडवं आणि वरखाली असमान, परागकण पिवळे. कडा गोलसर, बोथट असतील तर बकलेयी हा संकर. फूल खाली लोंबतं, परागकण गुलाबी. फुलावर बोट टेकवून पाहा, रंग लगेच कळतो. फूल चांदणीसारखं सर्व बाजूंनी सारखं, लाल, आणि उत्तर गोलार्धात मार्च ते मे दरम्यान येत असेल तर ती गार्टनेरी. तिच्या लेबलावर हॅटिओरा, ऱ्हिप्सालिडॉप्सिस, श्लुम्बर्गेरा यांपैकी काहीही लिहिलेलं सापडेल. प्रजाती बदलत राहिली, ‘गार्टनेरी’ हा शब्द तोच राहिला.

ट्रंकाटा आणि बकलेयी कळ्या धरतात त्या लांब रात्रींमुळे : सुमारे सहा आठवडे रोज बारा तासांहून अधिक अखंड अंधार. रस्त्याचा दिवा खिडकीतून पडत असेल तर वेळापत्रक बिघडतं, प्रसंगी फूलच येत नाही.

प्रश्न : बॅसिफेराची फळं फोडून बी पेरलं. रोपं उगवली ती चौकोनी, केसाळ, साध्या काटेरी निवडुंगासारखी. दुसरंच बी मिसळलं असेल का?

उत्तर : बी तेच आहे, उपटू नका. ऱ्हिप्सालिसची पिल्लं अशीच निघतात : दोन जाडसर दलं, मधून कंगोरेदार खोड, प्रत्येक अ‍ॅरिओलवर पांढऱ्या केसांचा झुबका. पूर्वजांचा काटेरीपणा बालपणी दिसतो. पुढे गुळगुळीत गोल फांद्या फुटू लागतात आणि केसाळ भाग बुडाशी राहतो.

पुढच्या वेळी गर चहाच्या गाळणीत पाण्याखाली चोळून पूर्ण काढा, कारण राहिलेल्या गरावर बुरशी चढते आणि अंकुर त्यातच कुजतो. बी कागदावर एक दिवस सुकवा. ओलसर, चाळलेल्या कोकोपीट-पर्लाइटच्या मिश्रणावर नुसतं पसरा, वर माती घालू नका, कारण त्याला उजेड लागतो. २० ते २५ अंश तापमान आणि झाकणाखालची दमट हवा पुरते. अंकुर दिसले की झाकण रोज थोडं अधिक उघडत न्या. एकदम काढलंत तर सगळी रोपं दुपारपर्यंत सुकतात.