पन्नाशीत एलएलबी करायचं आहे? मग आधी एवढं बघा

ताई, सगळ्यात आधी वयाचं टेन्शन सोडा, तीन वर्षांच्या एलएलबीला आपल्याकडे वयाची वरची अट नाही, कुठल्याही शाखेची पदवी आणि ओपनला ४५ टक्के असले की सीईटी देता येते. पुस्तकं आत्ताच घेऊ नका.

पहिले एक सुट्टी टाका आणि तुमच्या जवळच्या जिल्हा न्यायालयात दिवसभर जाऊन बसा, खुल्या कोर्टात कोणीही बसू शकतं. तिथं भाषणं कमी आणि तारखाच जास्त दिसतील, पक्षकार सकाळपासून फाईल छातीशी धरून ताटकळत उभे असतात, त्यांचं ऐकून घ्यायला वकील लागतो. हे काम रोज करावंसं वाटतं का, ते मनाला विचारा, आणि वाटलं तर खरंच पुढे जा, तुमच्यासारख्या शांतपणे ऐकणाऱ्या माणसांची तिथं फार गरज आहे.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथं:

- घरबसल्या एलएलबीच्या जाहिरातीला भुलतात. पत्राद्वारे केलेली एलएलबी बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, मानत नाही. ७० टक्के हजेरी लागते, त्यामुळे कॉलेजची वेळ आणि ऑफिसची वेळ आधी जुळवून बघा.
- पगारी नोकरी चालू ठेवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेल असं धरून चालतात. नाही मिळत. सुरुवातीच्या वर्षांत कमाई तुटपुंजी असते, तेवढी शिल्लक बाजूला काढा आणि घरच्यांशी हे आत्ताच स्पष्ट बोलून घ्या.

रोज संविधानाची दोन पानं वाचायला लागा, मराठीतूनच वाचा. कुठल्या विषयात प्रॅक्टिस करायची ते दुसऱ्या वर्षी बघू.