बी. फार्मसीच्या चार वर्षांत नेमकं काय शिकवतात?

तुम्ही विचारलंय, "मुलगी बी. फार्मसीला जाते म्हणते, पण मेडिकलमध्ये औषधं द्यायला चार वर्षं कशाला?" मी ही पदवी पुण्यात केली आणि गेली आठ वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, म्हणून लिहिते.

नुसतं मेडिकल टाकायचं असेल तर दोन वर्षांची डी. फार्मसी पुरते. बी. फार्मसीत मुख्यतः औषध बनवायला आणि तपासायला शिकवतात. पहिल्याच वर्षी लिक्विड पॅराफिन या तेलाचं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, करायला लावतात: तीन भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंक. कोरड्या खलात डिंक तेलात घोटायचा, मग मोजलेलं पाणी एकदम ओतून एकाच दिशेने भराभर बत्ता फिरवायचा. जमलं की मिश्रण पांढरंशुभ्र होतं आणि चट्‌चट् आवाज यायला लागतो. माझं दोनदा फुटलं, कारण भीतीने मी पाणी थोडं थोडं घातलं होतं. तिसऱ्या खेपेला तो आवाज आला आणि मला बत्ता खाली ठेववेना.

पुढे टॅब्लेट येतात. वीस गोळ्या एकेक करून तोलायच्या, मग ड्रममध्ये मिनिटाला 25 फेऱ्यांनी चार मिनिटं फिरवायच्या. वजन 1 टक्क्याहून जास्त घटलं की गोळी ठिसूळ, पुन्हा पहिल्यापासून. दालचिनीच्या सालीचे छेद मायक्रोस्कोपखाली बघायचे, प्राण्यांवरचे प्रयोग आता सॉफ्टवेअरवर. हात आणि नजर या चार वर्षांत खरोखर तयार होतात.

पेशंट मात्र फार कमी दिसतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमात 'फार्मसी प्रॅक्टिस' हा विषय सातव्या सेमिस्टरला येतो, तोही नुसता थिअरीचा. नोकरीच्या पहिल्या महिन्यात एक आजी आल्या. दम्याच्या औषधाने काडीचा फरक नाही म्हणाल्या. "कसं घेता?" विचारलं, तर म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर." इनहेलरमध्ये घालून ओढायची कॅप्सूल त्या गिळत होत्या! यंत्र पिशवीत तसंच, कोरं करकरीत. मला इनहेलरची थिअरी पाठ होती, पण आजींच्या हातात यंत्र देऊन "आधी श्वास पूर्ण सोडा, मग जोरात ओढा आणि दहा आकडे रोखून धरा" हे सांगायची सवय नव्हती. ते मी तिथल्या सीनियर ताईंकडून शिकले.

तेव्हा मुलीला जरूर पाठवा. कॉलेज बघायला गेलात की लॅबमध्ये डोकवा, एका टेबलाशी किती मुलं उभी असतात ते बघा. आणि सातव्या सेमिस्टरच्या आधी किमान 150 तासांचं ट्रेनिंग असतं, कंपनीत किंवा हॉस्पिटलमध्ये. बहुतेक मुलं कंपनी निवडतात. तिला म्हणावं, हॉस्पिटल माग आणि रोज तासभर तरी औषधं देतात त्या खिडकीवर उभी राहा.