एनएसएसच्या निवासी शिबिरात पहिल्या संध्याकाळी मुलांची ओळख व्हावी म्हणून कोणते खेळ घ्यावेत? फोनवरची क्विझ चालेल का?

तुमची अडचण ओळखीची आहे. पन्नासेक मुलंमुली, कला-वाणिज्य-विज्ञान असे तीन कंपू, मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या, आणि सरांनी 'पहिल्या संध्याकाळचं तू बघ' म्हणून तुमच्यावर सोडलेलं. मी काही वर्षं जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रासेयोचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस), कार्यक्रम अधिकारी होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

गोल बसवून 'नाव, गाव, छंद' अजिबात घेऊ नका. माणशी अर्धा मिनिट धरलं तरी पंचवीस मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ प्रत्येक जण मनात आपलंच वाक्य घोळवत बसतो. 'वाचन आणि क्रिकेट' हे उत्तर निम्म्या लोकांकडून येतं. लाजरी पोरं तर आपली पाळी येईपर्यंत घामाघूम.

सुरुवात सगळ्यांनी एकदम करायच्या गोष्टीने करा, एकट्याला उभं करणारं काहीही नंतर. पावसाची टाळी सगळ्यात सोपी. तळहातावर आधी एक बोट, मग दोन, तीन, चार, पाच, आणि पुन्हा उलटं एकावर. पन्नास जणांनी नीट केली तर शाळेच्या पत्र्यांवर पाऊस पडल्यासारखं वाटतं. दोन मिनिटांत संपते, कोणाची फजिती होत नाही.

मग माझा आवडता खेळ, जिवंत नकाशा. अंगणात फक्कीने जिल्ह्याची ओबडधोबड हद्द आखायची. आमच्याकडे वर सातपुडा, त्याखाली पूर्व-पश्चिम तापीची रेघ. आता आपापल्या गावाच्या जागी जाऊन उभं राहायचं. चोपडा, यावल, रावेरवाले नदीपलीकडे जातात, चाळीसगाववाले खाली कोपऱ्यात, अमळनेरचे पश्चिमेला. पंधरा तालुक्यांपैकी आठ-दहा सहज भरतात. जिल्ह्याबाहेरच्यांनी रेघेबाहेर, पण आपल्या दिशेला. इथे मुलामुलींच्या भिंती आपोआप मोडतात, कारण शेजारी कोण उभं राहणार हे गाव ठरवतं. आणि 'तू पारोळ्याची? मग सकाळी कोणती एसटी पकडतेस?' हे कोणी शिकवावं लागत नाही. तुम्ही फक्त पाच मिनिटं गप्प राहा. घाई करून शिट्टी मारलीत की खेळ वाया गेला.

तिसरी, मुक्याने रांग. एक शब्द न बोलता, बोटांच्या खुणांनी, जन्माच्या महिना-तारखेप्रमाणे ओळीने उभं राहायचं. सरांनाही घ्या. गावातली वडीलधारी मंडळी बघायला आलेली असतात, त्यांनाही घ्या. त्यातले बरेच जण 1 जूनला येऊन थांबतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली असते. रांग लागली की एक ते पाच आकडे मोजायला लावा. सगळे 'एक' एका गटात, सगळे 'दोन' दुसऱ्या. सात दिवसांचे स्वयंपाक, सफाई, पाणी, श्रमदान, सांस्कृतिक असे गट इथेच पडतात आणि मैत्रिणींची पंचकडी हसतखेळत सुटते.

नावं आता, गटातल्या दहा जणांतच. मोज्यांचा गोळा करा, ज्याच्याकडे फेकायचा त्याचं नाव घ्या. क्रम तोच ठेवून वेग वाढवा, मग दुसरा गोळा सोडा. नाव फक्त पहिलं. हे मी आग्रहाने सांगतो. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढचा प्रश्न लोक मनातल्या मनात विचारून मोकळे होतात. हजेरीपटावर आडनाव असतंच, खेळात त्याचं काही काम नाही.

काय टाळायचं तेही सांगतो. हातात हात गुंतवून सोडवायची ती मानवी गाठ पहिल्या दिवशी नको. घ्यायचीच असेल तर मध्ये रुमाल धरायला द्या. 'बोट बुडाली' (आकडा पुकारला की तेवढ्याच जणांचे गट करायचे) चांगला खेळ आहे, पण उरलेल्याला बाद करू नका. नवखा, कोणाशी ओळख नसलेला पोरगाच आधी बाहेर पडतो, म्हणजे ज्याच्यासाठी खेळ घेतला तोच कडेला बसतो. चिठ्ठ्या काढून मुलामुलींच्या जोड्या लावणं नको. आणि हरलेल्याला 'नाचून दाखव', 'प्रपोज करून दाखव' असल्या शिक्षा सीनियर हौसेने सुचवतील. त्यांना 1999 चा महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आठवून द्या. गंमत म्हणून केलं तरी समोरच्याची मान खाली जात असेल तर ती गंमत नाही. कोणाला खेळायचंच नसेल तर त्याच्या हाती शिट्टी नाहीतर फक्कीचा डबा द्या. बहुतेक वेळा तो दुसऱ्या खेळाला आपणहून आत येतो.

वेळ जेवणाआधीची ठेवा, पाऊण तास पुरे. जेवणानंतर प्रवासाने थकलेली मंडळी पेंगतात आणि पहाटे प्रभातफेरी असते. पहिल्या दिवशी स्वयंपाकाला कोण आहे ते बघा; तीच चार जणं चुलीपाशी अडकतात आणि आठवडाभर परकी राहतात. त्या संध्याकाळपुरती गावातल्या मावशींना विनंती करा. खेळ संपले की पंगतही गटानुसारच बसवा.

फोनवरच्या क्विझचं विचारलं होतंत. नको. गावात रेंज असेलच असं नाही, आणि असली तरी पन्नास माना पुन्हा खाली जातील.