वाचकांचे प्रश्न : चॉकलेट फज

प्रश्न : घरी केलेला फज दाताखाली करकरतो. साखर तर पूर्ण विरघळलेली असते. चुकतं कुठे?

उत्तर : बहुधा घाईत. गरम पाक घोटायला घेतला, की साखरेचे स्फटिक थोडेच धरतात, पण मोठे होतात. तोच पाक ४५ अंश सेल्सिअसपर्यंत निवला असेल, तर असंख्य बारीक स्फटिक धरतात आणि जिभेला ते कळतही नाहीत.

४०० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम कोको, २०० मिली दूध, मोठा चमचाभर ग्लुकोज सिरप आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. साखर विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा. कडेला चिकटलेले कण ओल्या ब्रशने खाली घ्या, कारण एवढासा कणही विरजणासारखं काम करतो. उकळी आली की ढवळणं बंद. ११४ अंशांना उतरवा, वर ४० ग्रॅम लोणी ठेवा आणि हात लावू नका. पातेल्याचं बूड कोमट लागलं की लाकडी उलथन्याने घोटा. चकाकी गेली की त्याच क्षणी लोणी लावलेल्या डब्यात ओता. रेंगाळलात तर फज पातेल्यातच बसतो.

थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाका. त्याची मऊ गोळी वळली आणि पाण्याबाहेर काढल्यावर ती बसली, म्हणजे पाक झाला. उंचावरच्या गावात दर ३०० मीटरला सुमारे एक अंश आधी उतरवा.

प्रश्न : फज जमलाच नाही, चिकट राहिला. टाकून द्यायचा?

उत्तर : नाही. पाक कमी शिजला आहे. अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर विरघळवा, पुन्हा ११४ अंशांपर्यंत न्या. करकरीत फजलाही हाच उपाय.

प्रश्न : स्कॉटलंडचा टॅब्लेट म्हणजे फजच का?

उत्तर : भावंडं म्हणा. टॅब्लेटमध्ये साखर, लोणी, कंडेन्स्ड मिल्क असतं आणि तो गरम असतानाच घोटतात. तिथे रवाळपणा हवाच असतो. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या पनूची या फजसारख्या मिठाईत चॉकलेट नाही, ब्राउन शुगर असते. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावर पाक संगमरवरी ओट्यावर ओतून, निवत असताना उलथत राहतात. अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजच्या एमेलिन हार्ट्रिजने १८८८ मध्ये ३० पौंड फज केला होता, तोही कॉलेजच्या लिलावासाठी. मार्शमॅलो क्रीमच्या फजला मात्र घोटावं लागत नाही. सोपा आहे, पण चव जास्त गोड आणि पोत जरा रबरी.