अँगलच्या सांगाड्यावर फळी कोणती टाकावी?

प्रश्न : काका, नमस्कार. माझे सासरे अंबडला एका कंपनीत फिटर होते. त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवलेला टेबलाचा अँगलचा सांगाडा आमच्या गॅरेजमध्ये आहे. साडेपाच फूट लांब, पावणेदोन फूट रुंद. त्यांचा चार इंची व्हाइसही (काम घट्ट पकडायचा शिकंजा) आहे. वरची फळी मात्र कुजली. मला तिथे मुलांच्या सायकली, घरातल्या खुर्च्या-स्टुलं दुरुस्त करायची आहेत, थोडं सुतारकामही शिकते आहे. स्वयंपाकघराचा निघालेला कडप्पा पडून आहे, तो टाकू का? प्लायवाला २५ मिलिमीटरचा मरीनच घ्या म्हणतो, फॅब्रिकेटर जाड पत्रा मारून देतो म्हणतो. चार हजारांच्या वर जायचं नाही. पावसाळ्यात शटरखालून थोडं पाणी आत येतं. वरून सनमायका लावावा का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर : ताई, सांगाडा आणि व्हाइस घरात आहे म्हणजे खर्चाचं मोठं काम सासऱ्यांनी आधीच करून ठेवलंय. सातपूरला पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने बनवतात तिथे, माझी नोकरी लाकडी बाकावरच झाली, त्यामुळे आधी एक सांगतो. फळीचे पैसे जाडीवर घाला, नावावर आणि चकचकीवर घालू नका.

कडप्पा टाकू नका. ओट्यावर तो जन्मभर टिकतो, कारण तिथे त्याच्यावर कोणी हातोडा मारत नाही. खिळा सरळ करताना एक घाव चुकीचा बसला की तो तडकतो. शिवाय व्हाइसचे बोल्ट आवळताना भोकापाशी फुटायची भीती वेगळी. एमडीएफ किंवा भुशाचा बोर्ड कोणी फुकट दिला तरी नको. पाणी लागलं की तो फुगतो आणि कडेला स्क्रू धरत नाही.

तुम्ही १८ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या भाषेत सहा सुताचा, ८ बाय ४ चा एकच प्लाय घ्या. दुकानातच तो लांबीत मधोमध चिरून घ्या. करवतीची चीर जाऊन दोन फुटांना किंचित कमी रुंदीच्या दोन पट्ट्या मिळतील. दोन्ही सहा फुटांवर कापा आणि एकीवर एक चिकटवा. झाली ३६ मिलिमीटरची फळी. सांगाड्याच्या पुढे अडीच इंच बाहेर येऊ द्या, क्लॅम्प लावायला ती कड लागतेच. उरलेले दोन चौकोनी तुकडे खाली शेल्फला होतील.

इथे सगळी गोम चिकटवण्यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट. पण दोन फळ्या नुसत्या एकमेकींवर ठेवल्या तर तो दुप्पटच होतो. पत्त्यांचा कॅट वाकवून बघा, पानं एकमेकांवरून सरकतात म्हणून तो वाकतो. सरकणं थांबवलं तरच आठपट मिळतं, आणि ते काम फेव्हिकॉलचं. म्हणून चार ठिपके देऊन भागवू नका. सनमायक्याच्या तुकड्याने फेव्हिकॉल सगळीकडे पसरा, कोपऱ्यापर्यंत. मग खालच्या बाजूने ३० मिलिमीटरचे स्क्रू वीतभर अंतराने मारत मधून कडांकडे या. ३६ च्या फळीत ३० चा स्क्रू वर डोकावत नाही, रंधा किंवा पटाशी फिरवताना लोखंड लागत नाही. कडेने फेव्हिकॉलचा बारीक थेंब सलग बाहेर आला की समजा आत सगळीकडे पोचलाय. तो लगेच ओल्या फडक्याने पुसा. हे काम सपाट जमिनीवरच करा आणि वर वजन ठेवून २४ तास हात लावू नका. वाकड्या जागी चिकटवलेली फळी जन्मभर वाकडी राहते.

आता कोणता प्लाय. मरीन म्हणजे आयएस ७१० या भारतीय मानकाचा. उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवून त्याची परीक्षा होते. तुमचं पाणी शटरखालून पायांपाशी येतंय, फळी त्याच्या तीन फूट वर आहे. तिला फक्त दमट हवा सोसायची आहे. त्याला आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला दाद न देणारा, पुरे, त्याचा डिंक फिनॉलचा असतो. साधा एमआर, म्हणजे फक्त ओल सोसणारा, त्याहून स्वस्त, पण त्याचा युरियाचा डिंक दमट जागी मला नको वाटतो. दुकानात शिक्का बघा आणि मग कड बघा. थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या, एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला, तर तो प्लाय बाजूला ठेवायला सांगा. बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ जागेचा आवाज लगेच वेगळा येतो. एवढं बघायला दुकानदाराने वेळ दिला नाही तर दुसरं दुकान गाठा.

पैशांचं गणित असं. फेव्हिकॉल, स्क्रू, वरचा हार्डबोर्ड आणि टेम्पो यांना हजार रुपये बाजूला काढा. उरलेले तीन हजार भागिले ३२ चौरस फूट, म्हणजे जीएसटी धरून फुटाला ९३ रुपयांपर्यंतचा दर तुम्हाला चालेल. त्यात चांगला माल बसला नाही तर हलका प्लाय उचलू नका, जुना फ्लश डोअर, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट प्लायचा दरवाजा, शोधा. घरांची कामं निघतात तिथून असे दरवाजे निघत असतात. ३० ते ३५ मिलिमीटर जाड आणि आतून भरीव असेल तर सात फुटी दरवाजातून तुमची फळी निघते. ठोकून बघा, आत जाळी असलेला पोकळ दरवाजा निरुपयोगी. कुलपाचं भोक असलेली बाजू भिंतीकडे घ्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांचं सागवान मिळालं तर मला स्वतःला फार आनंद होईल, पण ते या पैशांत बसत नाही, आणि आत राहिलेला एखादा खिळा रंध्याचं पातं खातो.

सांगाड्याला मधे आडवा अँगल आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर फॅब्रिकेटरकडून तेवढा एक मधोमध मारून घ्या. आधारांमधलं अंतर निम्मं झालं की त्याच वजनाखाली झोल आठव्या हिश्श्यावर येतो. त्याचा वेल्डिंग रॉड पत्र्यापेक्षा इथे कामी येऊ दे. तीन मिलिमीटरचा पत्रा सहा बाय दोनला २६ किलो भरतो, आणि पटाशी हातातून पडली की धार गेलीच. सायकलीच्या तेलकट कामाला दोन बाय दोनचा दोन मिलिमीटरचा सुटा तुकडा घ्या, पुढची कड खाली वाकवून. टेबलाला अडकतो, काम झालं की भिंतीला उभा करता येतो, वजन सहा किलोच्या आत.

सनमायका नको. त्यावर वस्तू घसरते आणि हातोड्याखाली टवका उडतो. त्याऐवजी तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड कडेच्या लहान स्क्रूंनी बसवा, फेव्हिकॉल न लावता. खराब झाला की काढून नवा. प्लायच्या उघड्या कडांना सागाची पट्टी लावा, दमट हवा तिथूनच आत शिरते. जवसाचं डबल बॉइल्ड तेल देणार असाल तर तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका, ते आपोआप पेट घेतं. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

व्हाइस टेबलाच्या डाव्या किंवा उजव्या पायाच्या बरोबर वर घ्या, मधे नको. मागचा स्थिर जबडा फळीच्या कडेच्या किंचित बाहेर राहू द्या, म्हणजे लांब पट्टी उभी धरता येते. बोल्ट फळीतून आरपार, खाली पाच मिलिमीटरची लोखंडी पट्टी, मग नट. लाकडाचे स्क्रू वापरू नका. आणि टेबल भिंतीपासून इंचभर पुढे ठेवा. वाळवी लोखंडी पायावरूनही मातीची नळी करत चढते, मागे बॅटरी मारून बघायला तेवढी फट हवी.